घेवड्यावर जैविक आणि रासायनिक औषधं: एकाच टाकीत की वेगवेगळी?

वेल_मांडव

वेलघेवडा ४० दिवसांचा आहे, कळ्या धरल्या आहेत. बियाण्याला इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया केलेली होती. सध्या तीन त्रास आहेत: शेंड्यांवर काळा मावा, फुलांत फुलकिडे, आणि काही झुपक्यांत फुलं जाळ्याने एकमेकांना चिकटलेली. उघडून पाहिलं की आत ठिपक्यांची अळी (मारुका) सापडते. खालच्या पानांवर तांबेराही दिसू लागला आहे.

हाताशी आहे ते: ब्युव्हेरिया पावडर (किडींवर वाढणारी बुरशी, १.१५ टक्के), बीटी कुर्स्टाकी (अळ्या मारणारा जिवाणू), अझाडिरेक्टीन (कडुनिंबातला कीडरोधक घटक) १०,००० पीपीएम, इमिडाक्लोप्रिड आणि इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ही रासायनिक कीटकनाशकं, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक.

प्रश्न असे:
१) हे सगळं किंवा यातलं काही एका टाकीत चालेल का?
२) वेगळं मारायचं तर आधी काय, नंतर काय, आणि मध्ये किती दिवस सोडायचे?
३) जैविक सोबत असेल तर रासायनिकाची मात्रा निम्मी केली तर चालेल का?
पहिला तोडा साधारण १० दिवसांवर आहे.

---

शेंगराखण

घेवड्यात "एकत्र" याचा अर्थ एका हंगामात, एका टाकीत नव्हे. कारण तोड्याचं आहे. शेंगा एकदा लागल्या की दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्या लागतात, आणि बहुतेक रासायनिक औषधांचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणी आणि तोडा यांत सोडायचे दिवस) त्याहून जास्त असतो. म्हणून रासायनिक औषधांची जागा पेरणीपासून कळ्यांपर्यंत. तोडे चालू झाल्यावर भार जैविकांवर. तुमचे हे १० दिवस म्हणजे रासायनिक वापरण्याची शेवटची खिडकी आहे, ती विचार करून वापरा. लेबलवर घेवड्याचं नाव नसेल किंवा प्रतीक्षा काळ १० दिवसांहून जास्त असेल, तर ते औषध आता बाद.

आता तुमची यादी.

इमिडाक्लोप्रिड बाजूला ठेवा, दोन कारणांनी. बियाण्याला तेच लावलं होतं, त्याचा असर साधारण तीन-चार आठवडे राहतो. म्हणजे आज जो मावा दिसतोय तो त्या औषधातून वाचलेल्यांची किंवा असर संपल्यावर आलेल्यांची पिढी आहे. त्यावर पुन्हा त्याच गटाचं औषध मारणं म्हणजे प्रतिकारक किडी निवडून ठेवणं. थायामेथोक्झाम आणि अॅसिटामिप्रिड ही नावं वेगळी असली तरी गट (किडीवर काम करण्याची पद्धत) तोच, ४-ए, म्हणजे निओनिकोटिनॉइड. दुसरं कारण फुलं. फुलोऱ्यात हा गट मधमाशांना घातक आहे.

माव्यासाठी फुलोऱ्यात रासायनिकच हवं असेल तर फ्लोनिकॅमिडसारखं औषध पाहा. गट वेगळा, मधमाशा आणि ढालकिडे त्यातून बरेच वाचतात. मावा काही तासांत रस शोषायचा थांबतो, पण मरायला दोन ते पाच दिवस घेतो. दुसऱ्या दिवशी मावा जागेवर दिसला म्हणून फवारणी परत करू नका, ही चूक फार होते. फवारण्याआधी शेंडे नीट बघा. ढालकिड्याच्या अळ्या, किंवा फुगलेला तपकिरी रंगाचा कडक मावा (त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशी वाढत असते) बऱ्यापैकी दिसत असेल तर फक्त जास्त माखलेले शेंडे खुडून टाकणं पुरतं. मुंग्यांची रांग चढत असेल तर आधी ती तोडा. मुंग्या चिकट गोडव्यासाठी माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

मारुका ही खरी अडचण. ती एकदा फुलं-शेंगा जाळ्याने बांधून आत बसली की ब्युव्हेरिया, बीटी, रासायनिक, काहीच नीट पोचत नाही. मादी अंडी कळ्यांवर आणि फुलांवर घालते. अंड्यातून निघालेली अळी फुलात शिरायच्या आधी थोडाच वेळ बाहेर असते, तेवढ्यात ती गाठावी लागते. म्हणून फवारणी फुलोऱ्याची नसून कळीची असते. साधारण एक तृतीयांश वेलांवर कळ्या दिसल्या की पहिली, आणि पाच ते सात दिवसांनी दुसरी. तुम्ही नेमके त्या टप्प्यावर आहात. चिकटलेले झुपके हाताने काढून पिशवीत भरा आणि शेताबाहेर न्या. बांधाला टाकले तर अळी तिथेच कोष करते.

इमामेक्टिन आणि बीटी एका टाकीत घालू नका. एकमेकांना ती नासवत नाहीत, पण कामं उलटी आहेत. बीटी पोटातून काम करतं, अळीने ते खाल्लं तरच तिच्या अल्कधर्मी आतड्यात विष मोकळं होतं. इमामेक्टिनने अळी काही तासांत लुळी पडून खाणं सोडते. खाणंच थांबलं तर बीटी पोटात जाणार कुठून? पायरेथ्रॉइड आणि क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल यांच्याबाबतही हाच हिशेब. एक आज, दुसरं पाच-सहा दिवसांनी, असं ठेवा.

तिसरा प्रश्न. निम्म्या मात्रेचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो जिवंत बुरशी आणि मोजलेल्या मात्रेवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. शेतात तुमच्या पाकिटातले बीजाणू किती जिवंत आहेत ते कळत नाही. ते मेलेले असतील तर टाकीत उरतं फक्त निम्मं रासायनिक, आणि त्याने कीड मरत नाही, शिकते. मात्रा लेबलची. कमी करायची असेल तर फवारण्यांची संख्या कमी करा.

---

पांढरी_बुरशी

वरच्याशी सहमत, ब्युव्हेरियाबद्दल थोडं सविस्तर.

ब्युव्हेरिया म्हणजे बुरशी, आणि मॅन्कोझेब म्हणजे बुरशीनाशक. एका टाकीत घातलं तर फवारा वेलीवर पडायच्या आधीच निकाल लागतो. कार्बेन्डाझिम, प्रोपिकोनॅझोल, क्लोरोथॅलोनिल यांचंही तसंच. मॅन्कोझेब पानाच्या वरच टिकून राहतं, म्हणून फक्त टाकी वेगळी करून भागत नाही. दोन्हींमध्ये किमान सात दिवस ठेवा. तांबेरा आत्ताच दिसतोय तर आधी खालची रोगट पानं काढा, बुरशीनाशक लगेच घ्या आणि ब्युव्हेरिया त्यानंतरच्या आठवड्यात. बीटी हा जिवाणू आहे, त्याला बहुतेक बुरशीनाशकांचा त्रास नाही. फक्त बोर्डो मिश्रणापासून लांब ठेवा, त्याच्या अल्कतेने बीटीचे स्फटिक निकामी होतात.

कीटकनाशकांमध्ये क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही जुन्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं बुरशीची वाढ दाबतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल, स्पिनोसॅड यांच्यासोबत ती बरीचशी तग धरते. पण नुसत्या रसायनाच्या नावावर जाऊ नका, प्रकार बघा. तेच औषध ईसी (तेलकट द्रव) असेल तर त्यातली द्रावकं आणि पायसीकारक बीजाणूला जास्त मारतात. एससी (पाण्यातलं दाट द्रव), डब्ल्यूजी आणि एसजी (पाण्यात मिसळणारे दाणे) सौम्य.

दोन्ही एकत्र का चालतात तेही समजून घ्या, म्हणजे कुठे चालणार नाहीत तेही कळेल. बीजाणू किडीच्या अंगावर चिकटतो, रुजतो आणि कातडी भेदून आत जातो. याला साधारण एक दिवस आणि भरपूर दमटपणा लागतो. निओनिकोटिनॉइडच्या थोड्या डोसाने कीड सुस्त होते, अंग साफ करत नाही, बीजाणू अंगावर टिकतो. वाळवीवर हे नीट दिसून आलेलं आहे. उलट बाजूला माव्याची पिल्लं: ती दर एक-दोन दिवसांनी कात टाकतात आणि कातीबरोबर बीजाणूही टाकून देतात. म्हणून माव्यावर एकच फवारणी बहुधा कमी पडते, चार-पाच दिवसांनी दुसरी लागते. जे औषध किडीचं खाणं किंवा कात टाकणं लांबवतं ते बुरशीला वेळ मिळवून देतं. अझाडिरेक्टीन आणि बीटी ब्युव्हेरियाला पूरक ठरतात ते यामुळेच.

पण अझाडिरेक्टीन म्हणजे कडुनिंबाचं तेल नव्हे. १०,००० पीपीएम असेल तर लिटरला २ मिली. १,५०० पीपीएमची ५ मिलीची मात्रा नजरचुकीने याला लावली तर घेवड्याचा कोवळा शेंडा भाजतो. घट्ट कडुनिंब तेल बीजाणूला रुजूही देत नाही. आणि गंधक फवारलं असेल तर दोन आठवडे कुठलंच तेल नको, पानं करपतात.

ब्युव्हेरिया लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, वेली पानाखालून भिजतील अशी. उन्हातल्या अतिनील किरणांनी बीजाणू काही तासांत मरतो, आणि तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की वाढ थांबते. सकाळी ९ ला मारलेली फवारणी दुपारपर्यंत संपलेली असते.

पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि बीजाणूंची संख्या (ग्रॅमला किमान १० कोटी) बघा. बंद खोलीत पत्र्याखाली ठेवलेलं पाकीट तारखेत असलं तरी भरवशाचं नाही.

---

वेल_मांडव

खूपच उलगडलं. तीन शंका राहिल्या. घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) मारुकावर चालेल का? स्पिनोसॅड जैविक धरायचं की रासायनिक? आणि मागच्या आठवड्यात बीटी आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) फवारल्यावर काही वेलींची नवी पानं अरुंद होऊन वाटीसारखी वळली, शिरा जवळ आल्या. हे औषधांच्या मिश्रणामुळे का?

---

पंपवाला

पानांचं आधी. अरुंद, वळलेली, शिरा समांतर झालेली नवी पानं हे बीटीचं लक्षण नाही, स्टिकरचंही नाही. हे तणनाशकाचं आहे, बहुधा २,४-डीचं. घेवडा या औषधाला अतिशय हळवा आहे, पंपात, नळीत किंवा वॉशरमध्ये राहिलेला अंशही पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. एकच असेल तर तीन वेळा धुवा, दर वेळी पाणी नळीतून आणि नोझलमधून बाहेर काढा, मधल्या खेपेला अमोनिया किंवा धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवा. तरीही २,४-डी मारलेला पंप घेवड्याला नकोच. बाधा वरच्यावरच असेल तर पुढची पानं सरळ येतील, त्या वेलींवर पुढचे आठ-दहा दिवस काही फवारू नका.

जैविक पावडर वापरताना नोझलची बारीक जाळी तुंबते. ५० मेशची जाळी घाला, पोकळ शंकूचा नोझल लावा, पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळा आणि मगच टाकीत. पावडर तळाशी बसते, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी टाकी हलवा. नाही तर पहिल्या वाफ्यांना नुसतं पाणी आणि शेवटच्यांना लगदा मिळतो.

पाण्याचा सामू (पीएच) पट्टीने तपासा. अझाडिरेक्टीन आणि बीटी दोन्ही अल्कधर्मी पाण्यात लवकर खराब होतात. ८ च्या वर असेल तर सायट्रिक आम्ल चिमटीचिमटीने घालून ६ ते ६.५ वर आणा, दर वेळी ढवळून पुन्हा पट्टी बुडवा. हे औषध घालण्याआधी.

---

शेंगराखण

एचएएनपीव्ही फक्त घाटेअळीवर चालतो, मारुकाला त्याने काही होत नाही. शेंगेला गोल भोक आणि अर्धी अळी बाहेर असेल तर ती घाटेअळी. जाळं, चिकटलेली फुलं आणि भोकाशी विष्ठेचा पुंजका असेल तर मारुका. ओळख चुकली की विषाणूवरचा सगळा खर्च वाया जातो.

स्पिनोसॅड मातीतल्या जिवाणूपासून मिळतं, इमामेक्टिनचं मूळही तसंच. पण टाकीत ते रसायन म्हणूनच वागतं: गट आहे, प्रतिकार तयार होतो, प्रतीक्षा काळ आहे. फुलकिड्यांवर ते उत्तम चालतं. ओलं असेपर्यंत मधमाशांना मारतं, आणि ट्रायकोग्रामाच्या (किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या मित्रकीटकाच्या) माशांनाही. ट्रायकोकार्ड (या माशा सोडण्याची कार्डं) लावायचे असतील तर स्पिनोसॅडनंतर किमान आठवडा थांबा, पायरेथ्रॉइडनंतर तीन आठवडे. बीटीनंतर थांबायची गरज नाही.

---

कळीपासून_शेंगेपर्यंत

एका गोष्टीवर मत थोडं वेगळं आहे. मारुकाची फवारणी सकाळी घ्यावी असंही सांगितलं जातं, आणि त्यामागे कारण आहे. चवळीची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, त्या वेळात फवारा फुलाच्या आत शिरतो. संध्याकाळी फुलं मिटलेली, अळी आत सुरक्षित.

---

शेंगराखण

कारण बरोबर आहे, पण त्याच वेळी मधमाशाही फुलांवर असतात. आणि जैविक औषधाला पुढचा सगळा दिवस ऊन झेलावं लागतं. ही ओढाताण टाळण्यासाठीच कळीवर भर द्यायचा. कळीवर फवारा असेल तर अळी कुरतडत आत जाताना बीटी तिच्या पोटात जातं, फूल उघडं असो की मिटलेलं. कळीची वेळ चुकली असेल आणि फुलं भरात असतील तर निव्वळ बीटी पहाटे उजाडता उजाडता मारणं ही तडजोड चालते, बीटी कुर्स्टाकी मधमाशांना सुरक्षित आहे. इमामेक्टिन किंवा स्पिनोसॅड मात्र सकाळी कधीच नाही. ते सूर्य मावळल्यावर, मधमाशा परतल्यावर.

वेल_मांडव यांच्यासाठी क्रम असा धरता येईल. आज: चिकटलेले झुपके आणि तांबेऱ्याची पानं काढणं. आजच संध्याकाळी इमामेक्टिन लिटरला ०.४ ग्रॅम, लेबलवर पीक आणि प्रतीक्षा काळ बसत असेल तरच. बसत नसेल तर त्याच्या जागी बीटी लिटरला १ ते २ ग्रॅम. वळलेल्या वेली सोडून. मॅन्कोझेब उद्या वेगळं, त्याचाही प्रतीक्षा काळ बघून. तांबेरा दोन-चार पानांपुरताच असेल तर तेही टाळा, कारण ते मारलं की ब्युव्हेरिया आठवडाभर पुढे जातं. सहाव्या दिवशी संध्याकाळी बीटी आणि अझाडिरेक्टीन. बीटीसोबत अझाडिरेक्टीनची मात्रा वाढवू नका, ते जास्त झालं तर अळी पान चाखून सोडते आणि बीटी कमी जातं. नवव्या दिवशी ब्युव्हेरिया, तेराव्या दिवशी पुन्हा, मावा आणि फुलकिडे दोन्हींसाठी. पहिला तोडा या दोहोंच्या मध्ये पडतो, तो सकाळी तोडून घ्यावा आणि फवारणी संध्याकाळी करावी. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी आजच, वेलीच्या शेंड्याच्या उंचीवर.

वेगळी दोन औषधं कधी मिसळायचीच असतील तर आधी बरणीत करून पाहा. एक लिटर पाण्यात त्याच प्रमाणात घालून हलवा, अर्धा तास ठेवा. गुठळ्या, साय, तळाला घट्ट थर किंवा बरणी कोमट लागणं, यातलं काहीही दिसलं तर मिश्रण टाकून द्या. मात्र बरणी फक्त मिसळतं की नाही ते सांगते. बुरशी जिवंत राहिली का, ते तिला कळत नाही.

---

पांढरी_बुरशी

ते कळायला वेगळी चाचणी आहे, घरी होते. ब्युव्हेरिया फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फवारलेल्या वेलींवरून ३० मावे पानासकट तोडा, आणि न फवारलेल्या कोपऱ्यातून ३०. दोन डबे, तळाशी ओला टीपकागद, झाकणाला बारीक भोकं. सावलीत, २५ अंशांच्या आसपास ठेवा. कागद ओलसर हवा, पाणी साचलेलं नको. पाचव्या ते सातव्या दिवशी मेलेल्या माव्यांवर सांध्यांतून पांढरा कापूस फुटलेला दिसला तर बुरशी काम करतेय. हिरवट कापूस म्हणजे मेटारायझियम. काळपट किंवा पिवळसर हिरवी बुरशी दोन्ही डब्यांत सारखी आली तर ती सडण्याची आहे, मोजू नका. फवारलेल्या डब्यात नुसते मेलेले मावे आणि कापूस नाही, असं झालं तर मावा रासायनिकाने मेला किंवा नुसता वाळला, श्रेय ब्युव्हेरियाला देऊ नका. ही चाचणी एकदा साध्या ब्युव्हेरियावर आणि एकदा तुमच्या मिश्रणावर केली की मिश्रण चालतं की नाही याचं उत्तर तुमच्याच डब्यात मिळतं.

---

वेल_मांडव

डबे आज तयार करून ठेवते. अळीचा फरक कसा मोजायचा? झुपके मोजून भागेल का?

---

शेंगराखण

झुपके उशिरा दिसतात. शेतात नागमोडी चालत २० फुलं तोडा, पाकळ्या उघडून आत बघा. फवारणीआधी एकदा, मग चौथ्या आणि सातव्या दिवशी. २० पैकी ३ किंवा जास्त फुलांत जिवंत अळी असेल तर पुढची फवारणी ठरल्या दिवशीच. एखाद्याच फुलात असेल तर दोन-तीन दिवस लांबवा आणि परत मोजा. अळी हलत नसेल, काळवंडून लिबलिबीत झाली असेल तर ती बीटीने मेलेली, ती मोजणीत धरू नका. आणि फुलं तोडताना त्यातले फुलकिडे पांढऱ्या कागदावर झटकून घ्या, एकाच फेरीत दोन्ही मोजणी होतात.